तुझ्या खात्यातले साडेचौदा हजार

कोल्हापूर,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. बंड्यास,


खंडेनवमीला तुझ्या भोसरीच्या गाळ्यात आले आणि डोळे निवले. दोन्ही व्हीएमसी मशीनना झेंडूचे हार, पाटावर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर मांडलेले, त्यांना हळदकुंकू. तुझे आजोबा उद्यमनगरात त्यांच्या एकुलत्या एक लेथला असंच हळदकुंकू लावायचे आणि त्या दिवशी कुणाला स्विचला हात लावू द्यायचे नाहीत. तू पेढे आणायला खाली गेलास आणि मी तुझ्या टेबलाचा तळचा ड्रॉवर उघडला. फाउंड्रीच्या अकाउंट्समध्ये छत्तीस वर्षं काढलेल्या बाईला बंद ड्रॉवर दिसला की हात शिवशिवतात, त्याला माझा इलाज नाही.

रबरबँड लावलेला बिलांचा गठ्ठा होता. बहुतेक बिलांवर तुझ्या लाल पेनानं ‘टीडीएस वजा’ आणि पुढं रक्कम. मला कौतुक वाटलं. विचारलं, तर तू म्हणालास, “कापतोय ना आत्या! एप्रिलपासून एकही बिल सोडलं नाही.” आणि भरतोस कधी, म्हटल्यावर तू मान खाजवलीस. “दिवाळीनंतर एकदम भरतो. मध्ये मशीनच्या टूलचे इन्सर्ट घ्यायचे होते.”

चार माणसांत मी गप्प बसले. फोनवर बोलावं तर तू “हो, हो” म्हणून ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. ड्रॉवरमधल्या आकड्यांची मी परतीच्या एसटीत वहीच्या पाठीमागे बेरीज मारली. एप्रिल ते जून ६,४०० रुपये, जुलै ते सप्टेंबर ८,१०० रुपये. एकूण साडेचौदा हजार तुझ्या करंट खात्यात पडून आहेत, किंवा खरं सांगायचं तर पडूनही नाहीत, त्यांचे इन्सर्ट झालेत. हे साडेचौदा हजार तुझे नव्हते, बंड्या. हीट ट्रीटमेंटवाल्यानं, लेबर कॉन्ट्रॅक्टरनं, ड्रॉइंग करून देणाऱ्या त्या पोरानं त्यांच्या घामातून सरकारला दिलेला तो कर आहे. सरकारनं तुला मधला पोस्टमन केलं. पोस्टमननं मनीऑर्डरच्या पैशातून स्वतःच्या सायकलला टायर घातला, तर आपण त्याला काय म्हणू?

तुझा राग येऊन लिहीत नाही. टीडीएस कापायचं तुझं हे पहिलंच वर्ष आहे. तू प्रोप्रायटर. तुझा धंदा आधीच्या आर्थिक वर्षात एक कोटीच्या आत असला, तर ठेकेदाराच्या, भाड्याच्या, कमिशनच्या पैशातून कर कापायची जबाबदारी तुझ्यावर नसते. २०२४-२५ मध्ये तू १ कोटी ४० लाखांवर गेलास आणि १ एप्रिल २०२५ पासून ती तुझ्या गळ्यात पडली. भागीदारी फर्म किंवा कंपनी असली, तर ती जबाबदारी पहिल्या दिवसापासून असते. तुझा तो मित्र, शेजारच्या गाळ्यातला, म्हणत होता, “ऑडिट लागत नाही तर टीडीएस कशाला?” त्याला सांग, त्या दोन गोष्टींची फारकत झालीय. रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असले तर ऑडिटची मर्यादा दहा कोटींपर्यंत गेली, टीडीएसची मात्र एका कोटीवरच राहिली. या एका गैरसमजापायी किती कारखानदार अडकलेत, ते सीएंना विचार.

आता तुला माझीच एक चूक सांगते. तुझ्या वडिलांनाही ती मी कधी सांगितलेली नाही.

साधारण अकरा वर्षं झाली. आमच्या फाउंड्रीत फेटलिंगचं काम दोन भावांकडे होतं. कास्टिंग साच्यातून निघालं की त्याचे रनर-रायझर तोडायचे, कडा ग्राइंडरनं साफ करायच्या, असं धुळीचं काम. थोरल्याकडे दिवसपाळीची माणसं, धाकट्याकडे रातपाळीची. बिलं वेगळी, लेजर वेगळं. दोघांचे पॅन एकाच दिवशी, एकाच एजंटाकडून काढलेले, त्यामुळे शेवटची दोन-तीन अक्षरं सोडली तर कार्डं जुळ्यासारखी दिसायची. मी पार्टी मास्टरमध्ये थोरल्याच्या खात्यावर धाकट्याचा पॅन टाकला. एकदाच टाकला, पण मास्टरमधली चूक दर महिन्याला आपोआप विते. वर्षभर थोरल्याचा कर धाकट्याच्या नावावर जमा होत राहिला.

एका शनिवारी, पगारवाटपाच्या दिवशी, थोरला आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आयकर खात्याचा कागद. त्यानं रिटर्न भरताना अकरा हजार कापलेले दाखवले होते. खातं म्हणत होतं, तुमच्या नावावर एक रुपयाही जमा नाही, उलट इतका कर भरा. मी त्याला काय म्हणाले माहीत आहे? “तुमच्या रिटर्न भरणाऱ्यानं घोळ घातला असंल.” तो काही बोलला नाही. पिशवीतून आम्हीच दिलेला सोळा ए चा कागद, म्हणजे कर कापल्याचा दाखला, काढून त्यानं माझ्यापुढं ठेवला. “बाई, ह्यो तुमी दिलेला कागद तर खरा हाय न्हवं?”

कागद खरा होता. त्यावर नाव धाकट्याचं छापलेलं होतं. आयकर खात्याच्या ट्रेसेस साइटवरून तो छापून मी न वाचता त्यावर शिक्का मारला, सही घेतली आणि थोरल्याच्या हातात दिला होता. त्याला लिहिता-वाचता बेताचं येत होतं. मला तर चांगलं येत होतं.

आणि गोष्ट तिथंच थांबली नाही. धाकट्याच्या सव्वीस एएस मध्ये, म्हणजे खात्याकडच्या त्याच्या करजमेच्या उताऱ्यात, अकरा लाखांची जास्तीची मिळकत दिसत होती. त्यालाही नोटीस, ही कमाई का दाखवली नाही म्हणून. त्या दोघांच्या वाटण्या नुकत्याच झाल्या होत्या. घरात काय काय बोललं गेलं असेल, ते मला पुढं गेटवरच्या वॉचमनकडून कळलं. मी दुरुस्ती विवरणपत्र भरलं, थोरल्याच्या नावावर जमा आली, मग त्यानं रिटर्न दुरुस्तीला टाकलं. या सगळ्यात पुढची दिवाळी उजाडली. कंपनीला या चुकीचा एक पैशाचाही भुर्दंड पडला नाही, हे त्यातलं मला सगळ्यात लागलेलं. चूक माझी, चपला झिजवल्या त्यानं.

तेव्हापासून मी एक धडा गाठीला बांधला: चुकीचा पॅन सापडतो, दुसऱ्याचा पॅन सापडत नाही. आकडा खोटा असेल तर यंत्रणा लगेच बोंब मारते, पॅन अवैध ठरवते आणि वीस टक्क्यांच्या हिशेबानं उरलेला कर तुझ्याकडे मागते. पण पॅन खरा असून भलत्याच माणसाचा असेल, तर रिटर्न मुकाट्यानं पास होतं. म्हणून नवी पार्टी आली की पॅनचा नंबर तोंडी घ्यायचा नाही, व्हॉट्सॲपवर टाइप करून आलेला घ्यायचा नाही. कार्डाचा फोटो मागायचा, आयकराच्या पोर्टलवर नावासकट पडताळायचा आणि मग मास्टर उघडायचा. पॅन आधारला जोडलेला नसेल तर तो निष्क्रिय असतो, आणि निष्क्रिय पॅन म्हणजे कापायला वीस टक्के. ते पार्टीला आधी सांगितलेलं बरं, बिल कापल्यावर सांगितलं तर भांडण.

पॅनचं चौथं अक्षर वाचायला शीक. पी असेल तर एकटा माणूस, एच असेल तर एकत्र हिंदू कुटुंब, एफ म्हणजे फर्म, सी म्हणजे कंपनी. ठेक्याच्या कामावर पी आणि एच ला एक टक्का, बाकी सगळ्यांना दोन. पार्टीच्या नावातलं ‘एंटरप्रायझेस’ किंवा ‘इंडस्ट्रीज’ बघून काही कळत नाही. तुझ्या ड्रॉवरमधला तो प्लेटिंगवाला बघ. तू त्याला एकटा धरशील. त्याच्या बिलावर छापलेल्या पॅनमध्ये चौथं अक्षर एफ आहे. ती भागीदारी आहे.

आणि त्याच प्लेटिंगवाल्याच्या बिलांवर तुझं लाल पेन फिरलेलंच नाही. ‘एकही बिल सोडलं नाही’ म्हणतोस ना? एप्रिलपासून त्याची बारा बिलं आहेत, प्रत्येक ९,००० चं. तुझ्या डोक्यात ‘तीस हजारांच्या आत कापायचं नाही’ एवढंच बसलंय. नियमाला दोन पाय आहेत: एक बिल तीस हजारांवर गेलं तर कापायचं, आणि बिलं लहान असली तरी वर्षाची बेरीज एक लाखावर गेली तर कापायचं. बारा नव्वे एकशे आठ. बाराव्या बिलाला तू १,०८,००० वर गेलास. आता नुसत्या वरच्या आठ हजारांवर कापून चालत नाही, पहिल्या रुपयापासून सगळ्यावर दोन टक्के, म्हणजे २,१६० रुपये. त्याच्या पुढच्या बिलातून ते वळते करून घे. त्याला आधी फोन कर, नुसतं कापून पाठवू नकोस. ज्या पार्टीची बेरीज वर्षात लाखावर जाणार हे तुला एप्रिलमध्येच दिसतं, तिचं पहिल्या बिलापासून कापत जा. शेवटी एकदम कापलेलं कुणालाच रुचत नाही.

हीट ट्रीटमेंटवाल्याचं बिल ४८,००० आणि वर जीएसटी. तू जीएसटी धरून एकूण रकमेवर एक टक्का कापलास. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर कापायचं मूळ रकमेवर, म्हणजे ४८० रुपये. २०१७ साली जीएसटी आल्याबरोबर त्याच जुलैत केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं तसं परिपत्रक काढलंय. थोडे रुपये जास्त गेले म्हणून आकाश कोसळत नाही, ते त्याच्याच नावावर जमा होतील. पण त्याच्या लेजरशी तुझं लेजर जुळणार नाही आणि मार्चअखेरीस तुम्ही दोघं थोडक्या रुपयांसाठी डोकं फोडत बसाल.

दुसरं म्हणजे, तू पैसे देताना कापतोस. बिल खात्याला जमा केलंस तो दिवस किंवा पैसे दिलेस तो दिवस, यातला जो आधी येईल त्या दिवशी कर कापला गेला पाहिजे. तू जॉबवर्कवाल्यांना साठ-साठ दिवस लटकवतोस (त्याबद्दल वेगळं बोलू, लहान उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायचा जो नियम आलाय तो तुला माहीत नसावा असं दिसतं). तर जूनच्या बिलाचे पैसे तू ऑगस्टमध्ये दिलेस, तरी कर जूनचाच. ॲडव्हान्स दिलास तर ॲडव्हान्सवरही.

काय ठेक्याचं काम आणि काय सरळ विक्री, हे तुमच्या धंद्यात रोज समोर येतं. तू तुझं कास्टिंग पाठवलंस, समोरच्यानं त्यावर बोअरिंग करून दिलं, तर ते काम आहे, कापायचं. तू नुसतं ड्रॉइंग दिलंस आणि त्यानं स्वतःच्या पैशाचं पोलाद आणून फिक्स्चर बनवून दिलं, तर ती विक्री आहे, ठेक्याचा कर लागत नाही. पण पोलाद तुझ्याकडूनच विकत घेऊन त्यानं तुझ्या मापाचं बनवलं, तर पुन्हा काम. त्यानं बिलात मालाची किंमत वेगळी दाखवली असेल तर ती सोडून उरलेल्या मजुरीवर कापायचं, एकत्र दाखवली असेल तर सगळ्यावर. म्हणून पार्टीला म्हणावं, बाबा, बिल फोडून दे. त्यात तिचंच हित आहे.

टेम्पोवाला. त्याचे तू गेल्या महिन्यात दीडशे रुपये कापलेस, ते मी पाहिलं. परत दे. ज्याच्याकडे मालवाहू गाड्या दहापेक्षा जास्त नाहीत त्यानं तसं लिहून दिलं आणि सोबत पॅन दिला, तर कापायचंच नाही. पण, आणि इथं भले भले चुकतात, कापलं नाही तरी रिटर्नमध्ये त्याचं नाव, पॅन आणि दिलेली रक्कम दाखवावी लागते. शून्य कर, पण नोंद हवी. वाहतूकदारांच्या बाबतीत ढिलाई केली तर काय होतं, ते एका ट्रान्सपोर्ट फर्मला सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली दाखवून दिलं. तिनं बाहेरून भाड्यानं घेतलेल्या ट्रकांच्या पैशातून कर कापला नव्हता आणि तो खर्चच नामंजूर झाला. हल्ली पूर्ण नाही, खर्चाचा तीस टक्के भाग नामंजूर होतो. तुझ्या लेबर कॉन्ट्रॅक्टरला वर्षाला पाच लाख गेले असतील आणि तू कापलं-भरलं नाहीस, तर दीड लाख तुझ्या नफ्यात मिळवून त्यावर तू कर भरशील. तुझ्या स्वतःच्या आयकर रिटर्नच्या मुदतीआधी भरलंस तर यातून सुटतोस, एवढी सवलत आहे.

बाकीचे भराभर सांगते. ड्रॉइंगवाल्या पोराची वर्षाची फी पन्नास हजारांवर जाणार असेल तर दहा टक्के. गेल्या मार्चपर्यंत ही मर्यादा तीस हजार होती. सीएंची फी तुझी छत्तीस हजार आहे, ती सोड. ऑर्डर आणून देणाऱ्याचं कमिशन वर्षाला वीस हजारांवर गेलं की दोन टक्के. गाळ्याचं भाडं ४५,००० आहे. जुना हिशेब असता, वर्षाला २ लाख ४० हजारांचा, तर कापावं लागलं असतं. या एप्रिलपासून मर्यादा महिन्याला पन्नास हजार झाली, म्हणून यंदा नाही. मालकानं भाडं वाढवून मागितलं तर बावन्न हजारांवर हो म्हणण्याआधी हे डोक्यात असू दे.

आता व्याजाचं. पहिल्या मशीनचं कर्ज बँकेचं आहे, त्याच्या व्याजावर काही कापायचं नाही. दुसरं मशीन तू फायनान्स कंपनीकडून घेतलंस. फायनान्स कंपनी म्हणजे बँक नव्हे. तिच्या व्याजावर दहा टक्के कापायचे असतात, आणि ईएमआय तर खात्यातून परस्पर पूर्ण जातो, मग कापणार कुठून? आपल्या खिशातून भरायचं, त्यांना सोळा ए पाठवायचा आणि तेवढी रक्कम त्यांच्याकडून परत मागायची. बहुतेक कंपन्या देतात, पण मागितल्याशिवाय देत नाहीत. तुझ्या सीएंच्या लक्षात हे कर्ज आहे का, तेवढं विचार. आणि हो, सुरुवातीला मामांकडून घेतलेले पाच लाख. बारा टक्क्यांनी वर्षाचे साठ हजार व्याज देतोस ना? दहा हजारांवर गेलं की त्यावरही दहा टक्के. मामांचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर त्यांच्याकडून पंधरा एच चा फॉर्म भरून घे, मग कापू नकोस. “सख्ख्या भाच्यानं माझे सहा हजार कापले” असं ते सगळ्या गणगोतात सांगत फिरतील, त्यापेक्षा फॉर्म सोपा.

आता तुझं देणं मोजू.

एप्रिलमध्ये तू २,१०० कापलेस, मेमध्ये २,०००, जूनमध्ये २,३००. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. उशीर झाला की महिन्याला दीड टक्का व्याज, तेही कापल्या तारखेपासून आणि ‘महिना किंवा त्याचा भाग’ या हिशेबानं. यंत्रणा कॅलेंडरचे महिने मोजते. ३० एप्रिलला कापलेला कर ७ मेच्या ऐवजी ८ मेला भरलास, तर उशीर एका दिवसाचा आणि व्याज दोन महिन्यांचं, तीन टक्के. हे मी नव्या पोरांना सांगायची तेव्हा त्यांना थट्टा वाटायची. याच ऑक्टोबरात भरलंस तर एप्रिलचे सात महिने, २२० रुपये पन्नास पैसे. मेचे सहा, १८०. जूनचे पाच, १७२ रुपये पन्नास पैसे. एकूण ५७३ रुपये. तू म्हणशील, एवढंच? बँकेच्या ओव्हरड्राफ्टपेक्षा फार जास्त नाही.

थांब. पहिल्या तिमाहीचं टीडीएसचं रिटर्न, सव्वीस क्यू, ३१ जुलैला भरायचं होतं. त्याच्या उशिराची फी दिवसाला दोनशे रुपये. आज १२ ऑक्टोबर, त्र्याहत्तर दिवस झाले, म्हणजे १४,६००. कायद्यानं एक दया केलीय, फी कापलेल्या कराहून जास्त होत नाही. म्हणजे ६,४००. तू ६,४०० रुपयांचे इन्सर्ट घेतलेस आणि त्यावर आणखी ६,४०० फी आणि ५७३ व्याज देणार. ही मर्यादा तुझ्या बाबतीत बत्तिसाव्या दिवशीच, १ सप्टेंबरला, गाठली गेली. तेव्हा आता घाई करून ती फी वाचत नाही. पण दुसऱ्या तिमाहीचं रिटर्न ३१ ऑक्टोबरला आहे, त्याची अजून वाचते. ८,१०० वाचवायला तुझ्याकडे एकोणीस दिवस आहेत, त्यात दिवाळी. तीन महिने ते सात वर्षांच्या सक्तमजुरीचंही एक कलम आहे, कापलेला कर न भरणाऱ्याला. तुझ्या एवढ्याशा रकमेसाठी कोणी बेड्या घेऊन येणार नाही, मी उगाच भीती घालत नाही. पण कायद्यानं हा गुन्हा कुठल्या रांगेत बसवलाय ते ठाऊक असावं.

तेव्हा उद्या सोमवार, उद्याच चलन भर. पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा तुझा नंबर, घालून. ठेक्याचं वेगळं, फीचं वेगळं. व्याजाची रक्कम व्याजाच्याच रकान्यात टाक, करात मिसळू नकोस, नाहीतर रिटर्न पास होऊन पुन्हा व्याजाची मागणी येते. सीएंच्या ऑफिसमधल्या त्या मुलीचे चार मेसेज तू नुसते वाचून ठेवलेस, ते तूच मला हसत दाखवलेस. तिला आधी सॉरी म्हण, मग गठ्ठा दे. प्लेटिंगवाल्यासारखं जे कापायचं राहून गेलंय ते कुठल्या तिमाहीत कसं दाखवायचं, हे तिच्यावर सोड. एखाद्या पार्टीचा हिशेब पूर्ण चुकता करून टाकला असेल आणि आता तिच्याकडून वळतं करता येत नसेल, तर तिनं ते उत्पन्न स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवून कर भरल्याचं सीएंचं प्रमाणपत्र मिळवता येतं. मग तुझ्यामागे फक्त व्याज राहतं. पण ती पार्टी कागद द्यायला राजी व्हायला पाहिजे, आणि ती तुझ्याशी कशी वागेल ते तू तिच्याशी कसा वागलास त्यावर.

रिटर्न गेलं की पंधरा दिवसांत सोळा ए काढून प्रत्येकाला पाठव. मागायची वाट बघू नकोस. आमच्या सुरुवातीच्या काळात आम्ही ते हातानं लिहायचो, कार्बन घालून, आणि मार्च संपला की ठेकेदार गेटपाशी त्या कागदासाठी ताटकळायचे. आता सगळं सव्वीस एएस मध्ये दिसतं, कागद कशाला, असं तू म्हणशील. तुझ्या लेबर कॉन्ट्रॅक्टरला सव्वीस एएस उघडता येतं का ते विचार एकदा.

कायद्याचं एक सांगून ठेवते, नाहीतर एप्रिलमध्ये गोंधळशील. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय. एकशे चौऱ्याण्णव सी, जे, आय अशी जी कलमं मी जन्मभर जपमाळेसारखी घोकली, ती सगळी आता ३९३ या एका कलमातल्या तक्त्यांत जाऊन बसणार आहेत. ठेकेदारांचं ते सी १९७२ साली आलं, आपल्याकडच्या दुष्काळाच्या वर्षी. दर आणि मर्यादा बहुतेक त्याच राहतायत. एक गोष्ट मात्र बदलतेय आणि ती मला महत्त्वाची वाटते: चुकलेलं विवरणपत्र दुरुस्त करायला आज सहा वर्षांची मुदत आहे, ती नव्या कायद्यात दोन वर्षांवर येते. माझ्या त्या थोरल्यासारखा कुणी तिसऱ्या वर्षी पिशवी घेऊन आला, तर तुझ्या हातात काही नसेल.

आणखी एक काम कर. बँकेत एक वेगळं बचत खातं उघड. ज्या दिवशी बिलातून कापशील त्याच दिवशी तेवढे रुपये त्यात टाक. ४८० तर ४८०. महिन्याच्या ५ तारखेला त्यातून चलन. सात तारखेला पोर्टल रडतं, सगळा देश त्याच दिवशी भरतो. हा कायद्यातला नियम नाही, माझा आहे. करंट खात्यात पैसा दिसला की तुझा हात इन्सर्टकडे जातो, आणि तुला दोष देत नाही, तुझ्या आजोबांचाही टूल बिटकडे जायचा.

प्लेटिंगवाल्याच्या आणि लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या पॅन कार्डाचे फोटो मला आज रात्री पाठव, मी नाव पडताळून देते. चष्मा बदललाय, आता शेवटचं अक्षरही दिसतं. चलनाच्या पावत्या काढशील त्या पण पाठव. वहिनीला सांग, चकलीची भाजणी एसटीनं पाठवतेय, मंगळवारी सकाळी स्वारगेटला उतरवून घ्यायला माणूस पाठवा.

तुझी,
आत्या

ता. क. टेम्पोवाल्यानं लिहून द्यायच्या कागदाचा मसुदा सोबत जोडलाय. गाड्यांची संख्या आणि पॅन त्याच्याच हातानं लिहून घे, सहीखाली तारीख घाल. आणि त्याचे दीडशे रुपये.